वाचकांचे प्रश्न : जमिनीतून घरात शिरणारा रेडॉन

फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम वाढवणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांपैकी एकमेकांशी जुळणारी काही येथे घेतली आहेत.

माझा मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असतो. तेथे घर विकत घेताना करवून घेतलेल्या तपासणीत तळघरातील हवेत रेडॉनचे प्रमाण ६.२ पिकोक्युरी प्रतिलिटर निघाले. व्यवहार मोडावा, असे सूनबाईंचे मत आहे. मुलगा मात्र ‘इकडे घरोघरी हेच असते’ असे म्हणून निर्धास्त आहे. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, पुणे

व्यवहार मोडण्याचे कारण नाही. पण आकडा सोडून देण्याजोगाही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण विभागाने ४ पिकोक्युरी प्रतिलिटर ही पातळी ठरवली असून तितके किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास घराची दुरुस्ती करून घ्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. बेकरेल या एककात ही पातळी दर घनमीटर हवेत १४८ इतकी होते. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. आपल्या मुलाच्या घरातील आकडा त्या हिशेबाने सुमारे २३० बेकरेल भरतो. जागतिक आरोग्य संघटना याहून कडक आहे. तिच्या २००९ च्या मार्गदर्शनानुसार १०० बेकरेल ही इष्ट मर्यादा होय, आणि एखाद्या देशाला ती पाळणे शक्य नसेल तरी ३०० च्या वर जाऊ नये.

हा वायू कोणा बांधकाम व्यावसायिकाच्या चुकीमुळे घरात आलेला नाही. खडकात आणि मातीत थोडेफार युरेनियम सर्वत्र असते. त्याचे टप्प्याटप्प्याने विघटन होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. या साखळीतील इतर मूलद्रव्ये घनरूप असल्यामुळे जागच्या जागी राहतात, रेडॉन तेवढा वायू असल्याने मातीच्या कणांमधून वर सरकतो. थंड प्रदेशातील घर हिवाळ्यात आतून तापवलेले असते. उबदार हवा वर जाऊन छताकडून निसटते, खालच्या भागात दाब किंचित कमी होतो आणि तळघराच्या भेगांतून, नळांच्या भोवतालच्या फटींतून जमिनीतली हवा आत ओढली जाते. रेडॉन हवेपेक्षा साडेसातपट जड असल्यामुळे तळघरात साचतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु हवेत इतक्या अत्यल्प प्रमाणात असलेला वायू तिच्यात मिसळूनच राहतो. तळघरात तो जास्त सापडतो, कारण त्याचा उगम तेथे लगतच असतो. न्यू जर्सीच्या उत्तर भागातून तर युरेनियम तुलनेने अधिक असलेल्या जुन्या खडकांचा एक पट्टाच जातो. तो पेनसिल्व्हेनियातील रेडिंग शहराजवळून सुरू होतो आणि न्यू जर्सी ओलांडून न्यूयॉर्क राज्यात शिरतो. ‘घरोघरी असते’ हे मुलाचे म्हणणे त्यामुळे अगदीच निराधार नाही, पण शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्या घरातला वायू निरुपद्रवी ठरत नाही.

उपाय सरळ आणि जुना आहे. तळघराच्या काँक्रीटच्या लादीला भोक पाडून त्यातून खालच्या खडीपर्यंत प्लॅस्टिकचा नळ सोडतात आणि तो छताच्या वर नेऊन, वाटेत माळ्यावर किंवा घराबाहेर, अखंड चालणारा पंखा बसवतात. घर जमिनीतली हवा ओढून घेण्याआधीच नळ ती ओढून आकाशात सोडतो. नळावर रंगीत द्रव भरलेली इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची एक काचनळी लावलेली असते. तिच्या दोन बाजूंची पातळी असमान दिसली की पंखा चालू आहे असे समजावे, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर पंखा बंद पडला आहे. या कामाचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो आणि व्यवहार पक्का होण्याआधी तो विकणाऱ्याकडून मागून घेता येतो. न्यू जर्सीत हे काम करणाऱ्याकडे राज्याचे प्रमाणपत्र असावे लागते, ते मुलाने अवश्य पाहावे आणि काम झाल्यावर पुन्हा मोजणी करवून घ्यावी. घरखरेदीच्या वेळची मोजणी बहुधा दोन-तीन दिवसांचीच असते आणि रेडॉनचे प्रमाण ऋतूनुसार बरेच वरखाली होते, तेव्हा राहायला गेल्यावर वर्षभराची एक मोजणीही करावी.

आणखी एक गोष्ट आपण पत्रात लिहिलेली नाही, पण तिच्यावर बरेच अवलंबून आहे. घरात कोणी सिगारेट ओढते का? युरोपातील १३ अभ्यास एकत्र करून २००५ साली काढलेल्या निष्कर्षानुसार घरातील हवेत दीर्घकाळ १०० बेकरेलची वाढ झाली, तर फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. ही वाढ धूम्रपान न करणाऱ्याच्या मुळातल्या लहान जोखमीवर होते आणि करणाऱ्याच्या मोठ्या जोखमीवरही होते. कधीही धूम्रपान न केलेल्या माणसाला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत या कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता रेडॉन जवळजवळ नसताना ०.४ टक्का आणि ४०० बेकरेलला ०.७ टक्का धरली आहे. सतत धूम्रपान करणाऱ्यासाठी हेच आकडे १० आणि १६ टक्के आहेत. घरात सिगारेट असेल, तर पंख्याच्या आधी ती बंद व्हायला हवी.

विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमी अडचण येते. काही पुस्तकांत रेडॉनचा शोध जर्मन शास्त्रज्ञ डॉर्न यांनी १९०० मध्ये लावला असे असते, तर काहींत रदरफर्ड यांचे नाव असते. परीक्षेत कोणते उत्तर ग्राह्य धरावे? – एक शिक्षिका, सोलापूर

परीक्षकाला डॉर्न हे उत्तर अपेक्षित असते, म्हणून विद्यार्थ्यांनी तेच लिहावे. वर्गात मात्र आपण सगळी हकिगत सांगावी, कारण ती एका नावात मावत नाही.

कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात १८९९ साली विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट बोवी ओवेन्स थोरियमच्या संयुगांच्या किरणोत्साराचे मापन करीत होते. युरेनियमचे आकडे स्थिर येत, थोरियमचे मात्र हलत. प्रयोगशाळेचे दार कोणी उघडले, हवेची झुळूक आली, की आकडा बदलत असे. उपकरणावर वैतागून थांबण्याऐवजी त्यांनी ही गोष्ट आदल्या वर्षीच तेथे रुजू झालेल्या अर्नेस्ट रदरफर्ड यांच्यापुढे ठेवली. थोरियममधून काहीतरी किरणोत्सारी बाहेर पडते आणि ते वाऱ्याबरोबर वाहून जाते, हे रदरफर्ड यांनी ओळखले. ते हवेच्या प्रवाहाबरोबर नळीतून पुढे नेता येते आणि त्याची तीव्रता साधारण मिनिटाभरात निम्मी होते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि या पदार्थाला ‘एमनेशन’, म्हणजे निःसरण, असे मोघम नाव दिले. मोघम अशासाठी की ते वायू आहे, वाफ आहे की सूक्ष्म धूळ, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते.

हाले येथील फ्रीडरिश एर्न्स्ट डॉर्न यांनी १९०० मध्ये हेच प्रयोग इतर किरणोत्सारी पदार्थांवर करून पाहिले. रेडियमची संयुगेही असे निःसरण देतात, विशेषतः तापवल्यावर, हे त्यांना आढळले. हे मूलद्रव्य आहे असा दावा मात्र त्यांनी केला नाही. रसायनशास्त्राच्या इतिहासाचे काही अभ्यासक त्यामुळेच शोधाचे मुख्य श्रेय रदरफर्ड व ओवेन्स यांना देतात, आणि माझे मतही त्यांच्या बाजूने झुकते. डॉर्न यांच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट अशी, की त्यांनी हाताळलेले रेडियमजन्य निःसरण हाच आजचा रेडॉन-२२२. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा होण्यास लागणारा काळ, ३.८ दिवसांचा आहे आणि घरांत ज्याची भीती बाळगायची तो मुख्यतः हाच. थोरियमपासून निघणारा, रदरफर्ड यांचा, रेडॉन-२२० असून ५५ सेकंदांत निम्मा होतो.

खरे काम यानंतर झाले. त्यात हॅरिएट ब्रुक्स या तरुण कॅनेडियन संशोधिकेचे नाव पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. १९०१ मध्ये रदरफर्ड यांच्यासह तिने रेडियमचे निःसरण हवेत किती वेगाने पसरते हे मोजले आणि तो एक जड वायू आहे, असा निष्कर्ष काढला. जड वायू हलक्यापेक्षा सावकाश पसरतो, इतकेच तत्त्व, पण हाताशी असलेला वायू तराजूत तोलता न येण्याइतका थोडा असताना ते वापरणे सोपे नव्हते. पुढे रदरफर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी हा वायू तापलेल्या रसायनांवरून नेऊन पाहिला. तो कशाशीच संयोग पावला नाही. यावरून तो आर्गॉनच्या कुळातला निष्क्रिय वायू ठरला. द्रवरूप हवेच्या थंडीत तो गोठतो हेही त्यांनी दाखवून दिले. लंडनमध्ये विल्यम रॅमसे आणि रॉबर्ट व्हिटलॉ-ग्रे यांनी १९१० मध्ये त्याची घनता मोजली. त्यांच्याजवळचा वायू एका घनमिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी होता, आणि तो तोलण्यासाठी त्यांना खास सूक्ष्मतुला बनवावी लागली. ‘रेडॉन’ हे नाव १९२० च्या दशकात रूढ झाले. आता ‘शोध कोणी लावला’ या प्रश्नाचे एका शब्दातले उत्तर का अपुरे पडते, हे विद्यार्थ्यांना आपोआप उमगेल.

वायू सापडला १९०० च्या सुमारास आणि घरातील रेडॉनची चर्चा सुरू झाली १९८० नंतर. मधली ऐंशी वर्षे कोणाला काहीच कळले नाही का? – एक वाचक, नाशिक

कळले होते, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि काहींना कळूनही सांगितले गेले नाही.

वायूच्या शोधापूर्वी कित्येक शतके त्याचा बळी ठरलेली माणसे जर्मनी आणि बोहेमिया (आताच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) यांच्या सीमेवरील एर्झगेबिर्गे डोंगरांत होती. श्नेबेर्ग आणि योआखिमस्टाल येथील चांदीच्या खाणींत उतरणारे कामगार ऐन उमेदीत छातीच्या विकाराने दगावत. योआखिमस्टालमध्ये काही वर्षे वैद्यकी केलेल्या अ‍ॅग्रिकोलाने १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणकामावरील ग्रंथात खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या रोगाचे वर्णन केले आहे. कार्पेथियन डोंगरांतील खाणींच्या प्रदेशात सात-सात नवरे करावे लागलेल्या स्त्रिया आढळतात, असे तो लिहितो. त्याने दोष धुळीला दिला होता, आणि त्या काळी दुसरे काही सुचणे शक्यही नव्हते. पुढे १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी श्नेबेर्गच्या कामगारांची शवविच्छेदने करून हा रोग क्षय नसून फुप्फुसाची घातक गाठ आहे, असे दाखवले. तेथील कामगारांच्या मृत्यूंपैकी जवळपास तीन चतुर्थांश मृत्यू याच रोगाने होत होते. (प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी ‘अगर’ हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ वापरण्याची कल्पना ज्या फॅनी हेसे यांना सुचली, त्यांचेच हे पती वाल्टर हेसे.) संशय तेव्हाही धूळ आणि आर्सेनिक यांच्यावरच राहिला. पियरे आणि मारी क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधले ते याच योआखिमस्टालच्या खाणीतील पिचब्लेंड या खनिजातून, तरी रेडियमची खाण आणि कामगारांचा रोग यांचा सांधा जुळायला आणखी पाव शतक गेले. १९२० च्या दशकात खाणींतील हवेत रेडॉन मोजला जाऊ लागला, तेव्हा कोठे संशयाची सुई त्याच्याकडे वळली.

तरीही एक गणित सुटत नव्हते. रेडॉन निष्क्रिय वायू. श्वासाबरोबर आत जातो तसाच बहुतांशी बाहेर येतो. मग तेवढ्यात फुप्फुसाला इतका मार बसतो कसा? त्याचे उत्तर १९५० च्या सुमारास अमेरिकेत विल्यम बेल आणि जॉन हार्ली यांच्या कामातून मिळाले. रेडॉनच्या विघटनातून पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे अल्पजीवी अणू तयार होतात. ते वायू नसतात. ते हवेतील धुळीला आणि धुराला चिकटतात, श्वासाबरोबर आत जातात आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर बसून राहतात. त्यांतील पोलोनियम-२१८ निम्मे व्हायला जेमतेम तीन मिनिटे लागतात आणि पोलोनियम-२१४ ला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दोघेही अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदाने अडतो, त्वचेच्या मृत थराने अडतो, पण श्वासनलिकेच्या आत असा कोणताही थर नसल्यामुळे त्याची सगळी ऊर्जा केसाच्या जाडीएवढ्या अंतरात जिवंत पेशींवर रिती होते.

हे ज्ञान झाले त्याच सुमारास अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर अण्वस्त्रांसाठी युरेनियमच्या खाणी जोरात चालू होत्या आणि त्यांत नवाहो या आदिवासी जमातीचे पुरुष मोठ्या संख्येने काम करीत होते. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५० पासून या कामगारांच्या प्रकृतीचा अभ्यास सुरू केला. धोका काय आहे हे मात्र कामगारांना सांगितले गेले नाही. युरोपच्या अनुभवावरून एवढे कळत होते, की खाणीत मोठे पंखे लावून हवा खेळती ठेवली तर धोका पुष्कळ घटतो. ते काम महाग होते, अगदी अशक्य नव्हते. सक्तीची मर्यादा लागू व्हायला १९६७ उजाडले आणि पीडितांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला. विज्ञानाच्या अपुरेपणामुळे झालेला उशीर आणि सोयीसाठी केलेला उशीर, हे दोन वेगळे धरले पाहिजेत. एर्झगेबिर्गेचा उशीर पहिल्या प्रकारचा, कोलोरॅडोचा दुसऱ्या.

घरांचा प्रश्न खाणींहून निराळ्या वाटेने पुढे आला. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस नावाचे अभियंता कामाला होते. डिसेंबर १९८४ मध्ये केंद्रातून बाहेर पडताना किरणोत्सार तपासणाऱ्या दरवाजाचा भोंगा त्यांच्यासाठी वाजू लागला. केंद्र अद्याप सुरूही झालेले नव्हते. एके दिवशी आत पाऊल टाकून लगेच ते मागे वळले, तरी भोंगा वाजलाच. म्हणजे किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते. बॉयरटाउन येथील त्यांच्या घराची हवा तपासली, तेव्हा २,७०० पिकोक्युरी प्रतिलिटर, म्हणजे घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल, इतका रेडॉन निघाला. हे घर वर उल्लेखलेल्या रेडिंगच्या खडकपट्ट्यावर उभे होते. कुटुंबाने घर सोडले, दुरुस्ती झाल्यावर ते पुन्हा तेथे राहायला आले. शेजारच्या घरात मात्र काळजीचे कारण नव्हते. खडक, भेगा, पायाची बांधणी हे सर्व घराघरांत बदलते, म्हणून नकाशा पाहून किंवा शेजाऱ्याला विचारून भागत नाही. रेडॉन मनुष्याला कर्करोग देणारा आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवले. अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० मृत्यू घरातील रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने होतात, असा तेथील सरकारी अंदाज आहे. त्यांपैकी २,९०० व्यक्तींनी कधीही सिगारेट ओढलेली नसते.

ऑस्ट्रियात सांधेदुखीसाठी रेडॉनच्या गुहेत बसवतात, असे वाचले. मग तो विष कसा? – एक वाचक, कोल्हापूर

बाडगाश्टाइन येथे असे उपचार खरोखरच चालतात आणि खाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या योआखिमस्टालमध्ये, आताच्या याखिमॉव्हमध्ये, रेडॉनयुक्त पाण्याच्या स्नानाचीही सोय आहे. याचे मूळ गेल्या शतकाच्या आरंभीच्या एका लाटेत आहे. जे. जे. थॉमसन यांना १९०३ मध्ये विहिरींच्या पाण्यात किरणोत्सारी वायू आढळला आणि उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या, गुणाचे रहस्य सापडले असे लोकांना वाटले. अमेरिकेत तर युरेनियमच्या खनिजाचे अस्तर लावलेले माठ विकले गेले. रात्री पाणी भरावे आणि दिवसभर ते प्यावे, अशी त्यांची जाहिरात असे. आजच्या उपचारांत वेळ मोजून दिलेला असतो, त्यामुळे त्यांची तुलना वर्षानुवर्षे त्याच हवेत झोपण्याशी करता येत नाही. वेदना काही काळ कमी झाल्याचे रुग्ण सांगतात. तरीही सांधेदुखीवर इतर औषधे उपलब्ध असताना कोल्हापूरहून तेथवर जाण्याचा खटाटोप करावा, असे मला वाटत नाही.

स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन येतो, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. ओटा काढून टाकावा का? – एक वाचक, ठाणे

काढू नये. ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अंश इतर अनेक दगडांपेक्षा जास्त असतो आणि त्यातून थोडा रेडॉन निघतो, हे खरे आहे. परंतु ओट्याची फरशी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची, तिच्यातील रेडॉनचा बराचसा भाग दगडाच्या आतच विघटन पावतो, आणि उरलेला स्वयंपाकघराच्या खेळत्या हवेत मिसळतो. घराखालच्या जमिनीपुढे ओट्याचा वाटा नगण्य असतो. स्वयंपाकघराच्या हवेची काळजी वाटत असेल, तर फोडणीचा धूर बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवावा.

महाराष्ट्रात आपण घरी रेडॉन मोजून घ्यावा का? त्यासाठी कोणाकडे जावे? – एक वाचिका, नागपूर

राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने, व्यापलेला आहे, आणि बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम बरेच कमी असते. आपली घरेही बहुधा तळघराविना बांधलेली, खिडक्या दिवसभर उघड्या असलेली. शहरांत तर बरीच कुटुंबे वरच्या मजल्यांवर राहतात, जेथे जमिनीतली हवा फारशी पोहोचत नाही. यामुळे अमेरिकेतील बातमी वाचून पुण्या-मुंबईच्या सदनिकाधारकाने घाबरून जाण्याचे कारण दिसत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्ग येथे मात्र जुने ग्रॅनाइटसदृश खडक उघडे पडलेले आहेत. तेथील तळमजल्याच्या, दिवसरात्र बंद ठेवून वातानुकूलित केलेल्या खोल्यांबाबत मोजणी करणे शहाणपणाचे ठरेल.

मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी एक साधे उपकरण विकसित केले असून देशातील अनेक विद्यापीठांतील संशोधक तेच वापरतात. हातात मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत दोन कप्पे असतात. हवा गाळणीतून पहिल्या कप्प्यात जाते आणि बारीक छिद्रांतून दुसऱ्यात. थोरियमजन्य रेडॉन मिनिटाभरातच निम्मा होत असल्यामुळे तो दुसऱ्या कप्प्यापर्यंत जवळपास पोहोचत नाही, म्हणून दोन कप्प्यांतील फरकावरून दोन्ही वायू वेगवेगळे मोजता येतात. प्रत्येक कप्प्यात लालसर फिल्मचा तुकडा असतो, त्यावर अल्फा कण आदळून अतिसूक्ष्म ओरखडे उमटतात. डबी साधारण तीन महिने खोलीत टांगून ठेवतात आणि नंतर फिल्म गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवतात, म्हणजे ओरखडे रुंदावून मोजता येतात. आपल्या जवळच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा मोजणीचा प्रकल्प चालू आहे का, याची चौकशी करावी. असल्यास डबी भिंतीला चिकटवू नये, खिडकी आणि पंखा यांपासून दूर, माणसे जेथे सर्वाधिक वेळ असतात त्या, म्हणजे बहुधा झोपण्याच्या, खोलीत टांगावी. आणि शक्य असेल तर एक मोजणी हिवाळ्यात व एक उन्हाळ्यात करावी.